रुमालाखालचं मशीन

मामा, मशीन चालू आहे. बाकीचं सगळं मागून, आधी हे सांगून टाकते, कारण तुम्हीही आधी हेच विचारलं असतं. आम्ही कुणाच्या लग्नाहून परत आलो की नवरी कशी होती, जेवणात काय होतं, मानपान नीट झाला का, यातलं काहीही तुम्ही कधी विचारलं नाही. पायातल्या चपला काढायच्या आत तुमचा प्रश्न यायचा, "माईकनं शिट्टी मारली का?" तर मशीन चालू आहे, हॉलमध्येच आहे, आणि आवाज करत नाही.

चौकातल्या फ्लेक्सवर तुमचं पूर्ण नाव आहे, वय आहे, शोकाकुल म्हणून निम्म्या गावाची नावं आहेत. फोटो कुठल्याशा लग्नातला कापून लावलाय, त्यामुळे तुमच्या खांद्यामागून माईकचा स्टँड डोकावतो. तुम्हाला आवडला असता. फ्लेक्सवर जे आहे ते मी इथे परत लिहीत नाही. मला आपल्या कामाचं बोलायचंय. तुम्ही गेलात तेव्हा ते काम अर्धवट होतं, दोन भांडणंही अर्धवट होती, आणि त्यानंतर घरात एक गोष्ट घडली जी तुम्हाला कुणी सांगितलेली नाही. ती सांगायला मी बसलेय.

हे कुणी तिसऱ्यानं वाचलंच तर त्याला कळावं म्हणून सांगते: तुम्ही माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची रीत आहे, म्हणून बेलापुरात सून होऊन आले त्या दिवसापासून तुम्ही मामा. गावाला मात्र तुम्ही लाऊडस्पीकरवाले. पंचक्रोशीतलं लग्न असो, बारसं असो, सप्ताह असो की निवडणुकीची सभा, कर्णे तुमचे. आयुष्यभर तुम्ही गोंगाट भाड्यानं दिलात आणि त्याच्यावर घर उभं केलंत.

तुमच्या दशक्रियेची गंमत ऐका. प्रवरेच्या घाटावर सगळं गाव आलं होतं. प्रवचनकार महाराजांनी माईक हातात घेऊन पहिला शब्द उच्चारला आणि माईकनं अशी शिट्टी मारली की झाडावरचे कावळे उठले. पिंडाला शिवायला आलेले कावळे, मामा! आणि मग काय झालं सांगू? सगळ्या माना एकदम वळल्या. अँप्लिफायर ठेवला होता त्या बाजूला. तुम्ही तिथून लगबगीनं उठाल, एक बटण पिळाल आणि हात वर करून "चालू द्या महाराज" म्हणाल, असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. तुम्ही नाही आहात हे मला घरी कळलं नव्हतं, दवाखान्यात कळलं नव्हतं, ते त्या क्षणी कळलं.

आत्यांनी दोन्ही कानांवर पदर दाबून धरला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. मी जवळ गेले, पाठीवर हात ठेवला. बघते तर त्या हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या हसत होत्या. "ह्यांच्याच दहाव्याला वाजली बघ," म्हणाल्या. "जाता जाता बी माझं डोकं उठवलंच."

आत्यांचं डोकं. आपलं सगळं काम तिथूनच तर सुरू झालं.

मी नवी नवी या घरात आले तेव्हा मला वाटायचं, तुम्हा दोघांत काहीतरी मोठं बिनसलेलं आहे. तुम्ही हॉलमध्ये दिवाणावर, टीव्ही लावून. आत्या स्वयंपाकघरात मागच्या दाराशी पाटावर, हातात क्रोशाची सुई. जेवणसुद्धा तुमचं ताट बाहेर आणि त्यांचं आत. वर्षं गेली तरी तेच. शेवटी एकदा मी न राहवून विचारलं, "आत्या, तुम्ही हॉलमध्ये का बसत नाही?" त्यांनी सुई थांबवली नाही. "तिथं तुजे मामा बसत्यात, आन त्यांचा आवाज बसतो. मला जागा कुठं ऱ्हाती?"

भांडण कसलंच नव्हतं. कर्ण्यांच्या शेजारी जन्म काढून तुमचा डावा कान गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. तुम्हाला ऐकू येईल एवढा टीव्ही लावला की समोरच्या किराणा दुकानातही बातम्या कळायच्या. आणि आत्यांना अर्धशिशी. मिक्सर लावायचा असला तरी मी आधी त्यांना सांगून लावते. लग्नसराईत तर तुमची सगळी मशीनं हॉलमध्येच तपासली जायची. "हॅलो, हॅलो" सुरू झालं की आत्या विणकाम उचलून शेजारी जायच्या. तुमच्या कुठल्याही यंत्राला त्यांनी जन्मात हात लावला नाही, त्याच्यावरची धूळही कधी पुसली नाही. "तुमचं भोंग्याचं बाड" हे त्याचं एकत्रित नाव होतं.

तर मी पतसंस्थेत कॉम्प्युटरवर बसते. तिथले जुने कॉम्प्युटरचे डबे काढून टाकले तेव्हा त्यातला एक मी घरी आणला. बुटका, चपटा, ऑफिसातला. म्हटलं, आपला टीव्ही जुन्या पद्धतीचा, त्यात नुसतं केबल दिसतं. याला जोडला तर इंटरनेटवरचं काहीही बघता येईल. पहिल्या दिवशी आत्यांसाठी नर्मदा परिक्रमेचा व्हिडिओ लावला. दोघं म्हातारा-म्हातारी काठ्या टेकत नदीच्या कडेनं चाललीत, बोलतात ते हळू, आणि मधूनमधून नुसतं पाणी. परिक्रमा करायची आत्यांची फार वर्षांची इच्छा आणि फार वर्षांचे गुडघे. आवाज मी अगदी बारीक ठेवला होता. आत्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. थोड्या वेळानं दारातून आत आल्या. मग खुर्चीच्या कडेवर टेकल्या, उठायच्या तयारीनं.

तुम्ही दिवाणावर होतात. तुम्हाला व्हिडिओतलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि तरी तुम्ही आवाज वाढव म्हणाला नाहीत. तुम्ही टीव्हीकडे बघतच नव्हतात. खुर्चीकडे बघत होतात.

मग डबा तापला आणि त्यातला पंखा बोंबलायला लागला. आत्यांनी कपाळावर हात ठेवला, उठल्या आणि आत गेल्या. तुम्ही बराच वेळ त्या डब्याकडे बघत राहिलात. मग मला म्हणालात, "अर्चना, ह्या डबड्याचं तोंड बंद करता यील का?"

मला हसूच आलं. "मामा, तुम्ही आवाज कमी करणार?"

"वाढवायचं काम झालं की जन्मभर करून," तुम्ही म्हणालात. "आता हे बघू."

मागच्या पत्र्याच्या खोलीत, भिंतीवर टांगलेल्या कर्ण्यांच्या खाली, आपण तो डबा उघडला. अट तुमची एकच होती, घरात आहे त्यातून करायचं. तुम्हाला विकत आणलेली वस्तू म्हणजे आपली हार वाटायची. पूर्ण बांधणीत आपण नवीन घेतली ती एकच गोष्ट, आत चकती न फिरणारी डिस्क, कारण जुनी डिस्क उंदरासारखी कुरतडत बसायची. बाकी सगळं तुमच्या बाडातून निघालं. त्या लहान किरट्या पंख्याच्या जागी एका बंद अँप्लिफायरमधला मोठा पंखा बसवला. मोठा पंखा हळू फिरला तरी तेवढीच हवा फेकतो, हे मी सांगितलं. तो हळू कसा फिरवायचा, हे तुम्ही सांगितलंत आणि त्याच्या वायरीत रेझिस्टन्स टाकलात. डब्याखाली सायकलच्या ट्यूबचे चार तुकडे कापून लावलेत, म्हणजे त्याची थरथर टीपॉयला लागणार नाही. सिस्टिम मी फुकटची टाकली. ती फुकट आहे यावर तुमचा शेवटपर्यंत विश्वास बसला नाही. "कुनी काय उगं देत न्हाई," म्हणून तुम्ही वाट बघत होतात की कधीतरी कुणीतरी मागायला येईल.

तपासायची आपली रीत आठवतेय? तुम्हाला नीट ऐकू येत नव्हतं, म्हणून तुम्ही डब्यावर तळवा ठेवायचात आणि डोळे मिटायचात. मी कान लावायचे. तळवा आणि कान दोन्ही पास झाले तरच पुढचं काम. कितीदा तरी मी म्हणायचे, "मामा, काही आवाज नाही," आणि तुम्ही डोळे न उघडता मान हलवायचात. "हाय. बारीक हाय, पन हाय." आणि पुन्हा स्क्रू उघडायचे.

मला लहानपणी कुणी स्क्रू-ड्रायव्हर हातात धरू दिला नव्हता, मामा. माझ्या माहेरी असल्या कामाला बाहेरून माणूस यायचा, आणि आम्ही मुली त्याला चहा द्यायचो. तुम्ही पहिल्याच दिवशी माझ्या हातात दिलात आणि स्वतः टॉर्च धरलात. सून मागच्या खोलीत सासऱ्याबरोबर डबे उचकते, यावर शेजारी काय बोलायचं ते बोलले. तुम्हाला ते ऐकू आलं नाही. मला आलं, पण मलाही मग येईनासं झालं. त्या खोलीतले रविवार माझ्या लग्नानंतरचे सगळ्यात आनंदाचे रविवार होते, हे तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. आता दाखवते.

तुमच्या कानाचा प्रश्न राहिला होता. आवाज आत्यांच्या बेताचा ठेवला तर तुम्हाला ऐकू येणार नाही, तुमच्या बेताचा ठेवला तर आत्या बसणार नाहीत. टीव्हीला ते जमत नव्हतं, कॉम्प्युटरला जमलं. मी एकाच वेळी दोन वाटा काढल्या: खोलीत मंद, आणि लांब वायरीनं तुमच्या उजव्या कानाच्या हेडफोनमध्ये तुम्हाला पाहिजे तेवढा. दिवाणापर्यंत वायर तुम्हीच ओढलीत, फरशीच्या कडेकडेनं, लग्नमांडवात ओढायचात तशी चापून-चोपून.

आणि आत्या बसल्या. पहिल्या दिवशी खुर्चीच्या कडेवर, मग पाठ टेकून, मग विणकामाची पिशवी घेऊन. ताटही बाहेर आणलं. तुमचा लेक कारखान्यातून पाळी संपवून आला आणि दारातच थबकला. "आई इथं?" म्हणाला. तुम्ही हेडफोन लावलेला असल्यामुळे हळू म्हणून जे बोललात ते ओरडलात, "गप! बोलू नको! बसू दे तिला!"

थोड्याच दिवसांनी आत्यांनी मशीनवर रुमाल टाकला. पांढऱ्या दोऱ्याचा, चारी बाजूंनी टीपॉयपर्यंत लोंबणारा, घट्ट विणीचा, मध्ये मोर. आपल्याला काही विशेष वाटलं नाही. आपल्या घरात काय झाकलेलं नाही? फ्रिजला झाकण, मिक्सरला झाकण, गॅस सिलेंडरला झालर, रिमोटला प्लॅस्टिक. टीव्ही बघायला बसलं की टीव्हीवरचं कापड काढायचं, पण त्या डब्याकडे कुणाला बघायचंय? तो आपला मोराखाली चालू.

आणि मशीन बंद पडायला लागलं.

एप्रिल लागला होता. म्हातारा-म्हातारी नावेत बसून पैलतीराला निघाली की पडदा काळा. पुन्हा लावा, पुन्हा काळा. तुम्ही म्हणालात, तुझी फुकटची सिस्टिम. मी म्हणाले, तुमचा रेझिस्टन्स. मशीन मागच्या खोलीत नेलं की दिवसभर बिनबोभाट चालायचं. हॉलमध्ये आणलं की बंद. म्हणून तुम्ही ठरवलं की हॉलच्या बोर्डात दोष आहे, आणि बोर्ड बदललात. मग व्होल्टेजवर संशय. मग वायरिंग. भिंत फोडायला तुम्ही छिन्नी घेतलीत तेव्हा मी आडवी आले म्हणून भिंत वाचली. आपण दोघंही स्वतःला लय हुशार समजत होतो, आणि दर वेळी मशीन आत नेताना तो रुमाल काढून दिवाणावर ठेवत होतो, आणि परत आणलं की आत्या तो पुन्हा घालत होत्या, आणि आपल्याला तो दिसत नव्हता. झाकण्यात आपला जन्म गेलेला, त्यामुळे झाकण ही वस्तू आपल्या डोळ्याला दिसतच नाही.

एकदा बंद पडल्या पडल्या मी बटण दाबायला रुमाल वर केला आणि हात मागे घेतला. मोर तापून लाल व्हायचा बाकी होता. मी तुमच्याकडे बघितलं, तुम्ही माझ्याकडे. आत्या पाणी आणायला आत गेल्या होत्या. मी तोंड उघडलं आणि तुम्ही माझं मनगट धरलंत.

मागच्या खोलीत नेऊन तुम्ही मला कुजबुजत सांगितलंत, "तिला सांगायचं न्हाई."

"अहो, पण नुसता रुमाल काढायचाय," मी म्हणाले. "आत्यांना सांगितलं तर त्या लगेच काढतील."

"काढंल ना! त्येच तर म्हनतोय. काढंल, आन परत हात लावायची न्हाई. जन्मात पयल्यांदा माज्या मशीनवर तिनं हातानं काय घातलंय. तो रुमाल ऱ्हायचा. मशीन बदलायचं."

त्यावरून आपण भांडलो. मी म्हणत होते, घरातल्या माणसापासून असल्या साध्या गोष्टी लपवू नयेत, आत्या काही लहान नाहीत. तुम्ही म्हणत होतात, तुला न्हाई कळायचं. हे भांडण आपण मिटवलंच नाही. पण काम सुरू झालं, कारण भांडण चालू असताना काम करायला काय हरकत होती?

युक्ती तुमची होती आणि ती मला अजून आवडते. बाडातून तुम्ही तुमच्या पहिल्या जोडीतली एक स्पीकरची लाकडी पेटी काढलीत. जाड प्लायवूडची, एका बाजूला स्पीकरचं मोठं गोल भोक. आतला फाटका स्पीकर काढून टाकलात. कॉम्प्युटरचे अवयव त्या पेटीत बसवायचे, गोल भोकात मोठा पंखा, आणि भोक भिंतीकडे करून पेटी ठेवायची. खाली पाय, खालून हवा. वर सपाट लाकूड, त्यावर मोर बसो की हत्ती बसो, आत काही तापणार नाही. जाड लाकडामुळे उरलासुरला आवाजही आत. ज्या पेटीनं सबंध गावाची झोप उडवली तिला आपण गप्प करणार होतो, आणि तुम्हाला याचं एवढं हसू येत होतं की करवत चालवताना तुम्ही मध्येच थांबायचात.

फक्त एक अडचण होती. रुमाल चारी बाजूंनी लोंबणारा. मागच्या बाजूनं तो भोकावर पडणार. "मागनं जरा दुमडू," तुम्ही म्हणालात. "तिला कळायचं न्हाई." आणि पंखा बाहेर हवा फेकणारा लावायचा की आत ओढणारा, यावर दुसरं भांडण. तुम्ही बाहेर म्हणत होतात, मी आत. पंखा हातात घेऊन आपण वाद घालत होतो तेव्हा आत्यांनी जेवायला हाक मारली. तुम्ही पंखा कट्ट्यावर ठेवलात, जेवलात, दिवाणावर जरा पडलात, आणि उठलाच नाहीत.

आम्ही दवाखान्यात नेलं, मामा. डॉक्टर म्हणाले, झोपेतच. सगळे म्हणाले, पुण्यवान माणूस, त्रास नाही झाला. मला त्या सगळ्यांचा राग आला. वाद अर्धा टाकून माणूस झोपेत जातो, यात पुण्य कुठलं?

तेरावा झाला, पाहुणे गेले. आत्या पुन्हा स्वयंपाकघरात, मागच्या दाराशी, पाटावर. हॉल रिकामा. तुमचा लेक पाळीवरून आला की सरळ आतल्या खोलीत जायचा, मोबाईल घेऊन. मीही तेच करायला लागले होते. मला भीती वाटायला लागली. तुमची नाही, त्या हॉलची. वाटलं, आत्ता जर काही केलं नाही तर हे घर पुन्हा खोल्याखोल्यांत वाटलं जाईल आणि मग ते कुणालाच एकत्र करता यायचं नाही. तुम्ही एवढी खटपट केलीत ती एका खुर्चीसाठी, आणि ती खुर्ची पुन्हा रिकामी.

म्हणून मी रविवारी मागची खोली उघडली. पेटी तशीच होती, भुसा तसाच. टॉर्च धरायला कुणी नव्हतं, म्हणून ती दातांत धरली. आधी पंखा माझ्या पद्धतीनं लावला, आत ओढणारा. पेटी तापली. मग उलटा करून तुमच्या पद्धतीनं लावला. गार राहिली. घ्या. तुमचं बरोबर होतं. एवढ्या मोठ्यानं "बघ, म्हनलं हुतं" म्हणायला तुम्ही तिथे पाहिजे होतात.

शेवटी कान लावला. काही नाही. मग तुमच्यासारखा तळवा ठेवला आणि डोळे मिटले. अगदी खोल काहीतरी होतं, मांजर अंगाला टेकून झोपलं की लागतं तसं. बारीक होतं, पण होतं. मी ते तसंच राहू दिलं.

पेटी उचलून हॉलमध्ये आणली, भोक भिंतीकडे केलं, वायरी जोडल्या. आता रुमाल. मोराचा रुमाल घेऊन मी मागची बाजू दुमडत होते, तुम्ही सांगितली होती तशी, तेवढ्यात मागून आवाज आला.

"तो नको."

आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात नवा रुमाल. त्यांनी तो झटकून पेटीवर टाकला. समोर आणि दोन बाजूंना खालपर्यंत झालर, आणि मागे काही नाही. मागची बाजू पेटीच्या काठाशीच सरळ संपवलेली. मापात कुठे बोटभराचा फरक नव्हता.

"आत्या, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुनी कशाला सांगंल? तुजे मामा कुजबुजायला लागले की शेजारच्यांचं पोर उठायचं," आत्या म्हणाल्या. "पत्र्याच्या खोलीत बसून, तिला सांगायचं न्हाई, तिला सांगायचं न्हाई. मी हितं मागच्या दाराशी पाटावर. सगळं ऐकत हुते की. पेटी कापली तवा वितीनं माप घेतलं, तुमी जेवायला बसला हुता तवा."

"मग बोलला का नाहीत? मोर तुम्ही रोज घालतच होतात!"

"घालत हुते. न्हाई घातला तर त्यांना वाटलं असतं, हिला कळलं." मग त्या रुमालाची कड उगाच सारखी करत राहिल्या. "आन जीव लावून करत हुते गं. माझ्यासाठी ह्यांनी जन्मात पयल्यांदा आवाज कमी करायला घेतला हुता. म्हनलं, करू द्यावं. हे पुरं झालं की मंग हा रुमाल टाकायचा आन त्यांचं तोंड बघायचं, असं ठरवलं हुतं मी."

तर हे ते, मामा, जे तुम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही त्यांच्यापासून लपवत होतात आणि त्या तुमच्यापासून. एकाच घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना, तुम्ही करवत घेऊन आणि त्या सुई घेऊन एकाच पेटीवर काम करत होतात. मी तुमच्याशी भांडत होते की आत्यांना सांगा. आता मला वाटतं, सांगितलं नाहीत तेच बरं केलंत. सांगितलं असतंत तर रुमाल निघाला असता आणि काम तिथेच संपलं असतं. हेही भांडण तुम्ही जिंकलात. दोन्ही तुम्हीच जिंकलीत आणि दोन्ही वेळा ऐकायला नव्हतात.

मला खूप रडू आलं. आत्यांनी रडू दिलं. मग म्हणाल्या, "लाव की आता. ती दोघं नावेत बसली हुती, त्यांचं काय झालं पुढं?"

मी लावलं. नाव पैलतीराला लागली. म्हातारीनं आधी काठी टेकली, मग पाय. आत्या खुर्चीवर बसल्या होत्या, पाठ टेकून. दिवाणावर तुमचा हेडफोन होता तसाच, वायर फरशीच्या कडेला. तुमचा लेक आतून आला, हेडफोन उचलून उशीवर ठेवला आणि त्याच्या शेजारी बसला. रुमालाखालून कसलाही आवाज येत नव्हता. खोलीत फक्त नर्मदेचं पाणी, तेही बारीक.

थोड्या वेळानं आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "अर्चना, जरा आवाज वाढव."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. या बाईनं उभ्या संसारात हे वाक्य उच्चारलेलं मी ऐकलं नव्हतं. "किती वाढवू?"

"ते लावायचे तेवढा नको गं बाई, डोकं फुटंल. पन घरात कुनी हाय असं वाटंल, एवढा लाव."

मी तेवढा लावला. तुमच्या निम्म्याच्याही खाली आहे तो, मामा, तुम्ही असतात तर म्हणाला असतात, बंद पडलंय का काय. पण रोज संध्याकाळी तेवढाच लावते, आणि आत्या हॉलमध्ये बसतात.